कोपराला भस्म

दादाचा फोन आला की मी आधी विचारायचे, "तू काही बदललंस का?" दादा म्हणायचा, "न्हाई." मग सोयाबीनचा भाव, वहिनीच्या माहेरचं लग्न, असं इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं आणि शेवटी हळूच कळायचं की बदललंय. त्या उन्हाळ्यात मी नांदेडमध्ये बसून लातूरच्या एका मोटरशी फोनवरून भांडत होते. मोटर माझं ऐकत नव्हती, दादा ऐकत नव्हता, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते अप्पा तर जन्मात कुणाचं ऐकायचे नाहीत.

मी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. रोबोटचा सांधा कुठवर हलावा, किती वेगानं हलावा, किती जोर लावावा हे ठरवणारं सॉफ्टवेअर हा माझा विषय. घर लातूरला. तिथं अप्पा म्हणजे माझे वडील धोंडप्पा, अव्वा म्हणजे आई मल्लम्मा, आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत चालवणारा माझा मोठा भाऊ महांतेश. दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला.

दुसऱ्या घरात हे निभावून गेलं असतं. आमच्या घरात पूजा डाव्या हातावर होते. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा, आणि उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं. ते झाल्याशिवाय अप्पा पाण्यावाचून दुसरं काही तोंडात घालत नाहीत, हा लहानपणापासूनचा नेम. झटक्यानंतर रोज सकाळी उजव्या हातानं डावा उचलायचा, तो पडायचा, पुन्हा उचलायचा, असं चाललेलं असायचं. दुपारी कधीतरी हात उशीवर टेकवून कशीबशी पूजा उरकायची आणि तोंड पाडून जेवायला बसायचं. त्यात साखरेचा आजार. सकाळची गोळी पोटात आणि पोट रिकामं.

मठातले स्वामी घरी येऊन सांगून गेले की लिंग चौरंगावर ठेवा, चालतं. अव्वा म्हणाली, मी खालून हात धरते. अप्पांनी दोघांनाही उडवून लावलं.

"दुसऱ्यानं धरलेला हात माझा कसा हुईल?"

"मग मशीन चालेल का?" मी विचारलं. खरं तर चिडून विचारलं होतं.

अप्पांनी जरा विचार केला. "काठीवानी असंल तर चालंल. काठी घेतली तरी मानूस सोताच चालत असतंय की."

एवढ्या एका वाक्यावर मी कामाला लागले. खुर्चीच्या डाव्या बाजूला एक चौकट बसवली. हात ठेवायला पन्हळ, मनगटाला फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेली पट्टी, आणि कोपराशी मोटर. मोटरनं पन्हळ उचलायची, तळहात छातीसमोर आणायचा आणि तिथं स्थिर धरायचा. कागदावर याहून सोपं काही नाही. माझी तिसऱ्या वर्षाची पोरं हे परीक्षेत लिहितात आणि मी त्यांचे मार्क कापते.

माझ्या मागे दादानं बघायचं होतं, म्हणून मी त्याला त्याच्या धंद्यातलं उदाहरण देऊन समजावलं. मोंढ्यात पोती हलवायची असली की मालक म्हणतो, हा ढीग त्या भिंतीला गेला पाहिजे. मुकादम बघतो काम किती वेगानं चाललंय, आणि हमालांना हळू किंवा जोरात म्हणतो. हमाल जोर लावतो. सांध्यातही असेच एकात एक तीन लूप असतात. बाहेरचा बघतो हात कुठं आहे आणि कुठं हवा, आणि मधल्याला वेग सांगतो. मधला वेग बघतो आणि आतल्याला जोर सांगतो. आतला मोटरचा करंट मोजून तेवढाच जोर लागतोय का ते बघतो. प्रत्येकानं सांगायचं आणि झालं का ते परत तपासायचं. नियम एकच, आतला सगळ्यांत चपळ पाहिजे. हमालानं पाऊल उचलायच्या आत मालकानं चार हुकूम सोडले तर पोतं जागचं हलत नाही. म्हणून आधी आतला लूप लावायचा, मग मधला, शेवटी बाहेरचा.

"म्हंजे मालकानं गप बसायचं," दादा म्हणाला.

"गप नाही रे. सावकाश बोलायचं."

"त्ये तुला कधी जमलंय का?"

पहिल्या रविवारी मात्र सगळं जमलं. मोटरनं हात उचलला, अप्पांच्या तळहातावर लिंग बसलं, आणि उन्हं वर यायच्या आत पूजा होऊन त्यांच्यापुढं भाकरी आली. अव्वानं माझी दृष्ट काढली. मी संध्याकाळच्या बसनं नांदेडला परत गेले, आणि अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना चक्क गुणगुणत होते.

बुधवारी दादाचा फोन. "सुकन्या, लई थरथरून राहिलंय बग. अप्पा बसंनात."

मी व्हिडिओ लावायला सांगितला. पन्हळ बारीक, भराभर कापत होती, मोटर मधमाशीसारखी गुणगुणत होती. तळहातावरचं लिंग हातातून पडणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. अप्पांनी ते काढून परत गळ्यात घातलं होतं आणि मोटरकडे रागानं बघत बसले होते. मी दादाला लॅपटॉपवर बाहेरच्या लूपचा आकडा, म्हणजे तो किती नेटानं हुकूम सोडतो तो, कमी करायला सांगितलं. थरथर थांबली, पण हात छातीपर्यंत येईना, पोटाशीच लोंबायला लागला. मग थोडा वाढवला. मग पुन्हा थरथर. पुढच्या रविवारी जाऊन मी सगळे आकडे नव्यानं लावले, सोमवारी ठीक, गुरुवारी पुन्हा तेच. त्यात दादा एक सांगितलं की दुसरंच करायचा. मी मधला आकडा म्हटलं की तो खालचा बदलायचा, आणि वर म्हणायचा, "एकच तर हाय, जरा इकडं तिकडं."

"दादा, तू दुकानात पायलीऐवजी अदमासे मापतोस का?"

"तसं कसं चालंल? गिऱ्हाईक बोंबलंल."

"मग मी काय करून राहिलेय?"

दर आठवड्याला मशीन आदल्या आठवड्यापेक्षा वाईट होत होतं. हे मला समजत नव्हतं आणि त्यानं माझं डोकं फिरत होतं. लूप चुकीचा लावला तर पहिल्या दिवसापासून चुकीचा वागतो, तो आठवडाभर शहाणा राहून गुरुवारी बिघडत नाही. तरी मी आकडेच फिरवत राहिले. वर्गात पोरांवर ओरडायला लागले. एकानं विचारलं, मॅडम, बरं नाही का? त्याला मी बाहेर काढलं.

मग एका मंगळवारी अप्पांना पूजेच्या खुर्चीत बसल्या बसल्या चक्कर आली. सकाळपासून वाट बघत बसले होते, थरथर थांबेल, मग लिंग घेऊ. साखर उतरली होती. दादानं तोंडात साखर कोंबली तर शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य काय, तर नेम मोडला. डॉक्टर म्हणाले, असं उपाशी बसणं पुन्हा झालं तर मी जबाबदार नाही. अप्पा म्हणाले, पूजा झाली की खातो ना.

मी रजा टाकली आणि दुपारची बस धरली. लोह्यापर्यंत उभी, पुढं खिडकीशी. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात अप्पांना सुनावत होते, आणि प्रत्येक वेळी मनातले अप्पासुद्धा शेवटचा शब्द आपणच बोलत होते.

आठवड्याच्या मधल्या दिवशी मी घरी असण्याची ती पहिलीच वेळ. सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर अव्वा पूजेच्या खोलीत होती. अप्पा अजून आले नव्हते. अव्वानं भस्माची वडी पाण्यात भिजवली, तीन बोटं त्यात बुडवली आणि मोटरच्या सांध्यावर आडवी ओढली. मग पट्टीपाशी, मनगटाच्या जागी ओढली. मग परत सांध्यावर, जरा जास्त, दाबून.

"अव्वा," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले, "तू काय करून राहिलीस?"

"भस्म लावून राहिले." तिला प्रश्नच कळला नाही. "तुझे अप्पा दंडाला लावतेत, कोपराला लावतेत, मनगटाला लावतेत. मशीनीचं कोपर बी कोपरच की. अंगाला लावायचं आन् हाताला न्हाई, असं कसं?"

"रोज लावतेस?"

"तू असलीस की न्हाई लावत. तू इंजिनेर बाई, हसशील म्हनून. आज तू न्हानीत व्हतीस, तवर उरकावं म्हनलं. बाकी रोज." तिनं बोटं पदराला पुसली. "ज्या दिशी लई थरथरतं, त्या दिशी जास्त लावते."

मी सांध्यापाशी वाकले. उन्हाळ्यात मोटर तापते म्हणून सांध्यावरचं झाकण मीच काढून ठेवलं होतं. आत एक काचेची चकती असते, तिच्यावर केसाएवढ्या रेघा असतात, त्यातून उजेड जातो, आणि रेघा मोजून सांधा किती वेगानं फिरला ते कळतं. मधल्या लूपचे डोळे म्हणजे ती चकती. मी स्क्रू काढले. चकतीवर भस्माचा पांढरा थर वाळून बसला होता, पोपडे आले होते. मुकादमाला दिसत नव्हतं, म्हणून तो उगाच थांब-पळ, थांब-पळ ओरडत होता, हमाल बिचारा थरथरत होता, आणि मी नांदेडहून मालकाला झापत होते. जितकं थरथरेल तितकं भस्म, जितकं भस्म तितकी थरथर. माझ्या मशीनवर माझ्या आईनं चौथा लूप बसवला होता आणि तो बाकी तिन्हींपेक्षा नियमानं चालत होता.

मला हसूही येत होतं आणि रडूही. अव्वा बाजूला उभी राहून विचारत होती, चुकलं का काही. मी म्हटलं, चुकलं नाही, जागा चुकली. मग तेही कठोर वाटलं म्हणून म्हटलं, भस्म अप्पांच्या कोपराला लाव, मशीनच्या कोपराला मी झाकण लावते. ती "बरं" म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला ते पटलेलं नाही.

दिवसभर बसून चकती धुतली, झाकण बसवलं, आणि या वेळी नियमानं लावलं. आधी आतला लूप, पन्हळीत वाळूची पिशवी ठेवून. मग मधला, मग बाहेरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा खुर्चीत बसले. मोटरनं हात उचलला, छातीसमोर आणला आणि तिथं धरला. जरासुद्धा हालचाल नाही, आवाज नाही. तळहातावर पाण्याची वाटी ठेवली असती तर तरंग उठला नसता. दादा हात जोडून उभा होता. अव्वानं बेलाचं तबक पुढं केलं.

अप्पांनी लिंग तळहातावर घेतलं आणि नुसते बघत राहिले.

"अप्पा, करा की पूजा," मी म्हणाले.

"हे कोन धरून राहिलंय?"

"तुम्हीच."

"न्हाई. म्या हात ढिला सोडलाय. बग." हात तसाच, छातीसमोर, दगडासारखा. "आन् आता जोर लावून राहिलो, वर घ्यावं म्हनून. तरी बी तिथंच. म्या असलो काय, नसलो काय, ह्याला काही फरक न्हाई. ही काठी न्हाई, सुकन्या." त्यांनी लिंग उचलून गळ्यातल्या वस्त्रात परत ठेवलं.

मग मात्र माझा तोल गेला. वडिलांशी असं बोलू नये ते सगळं मी बोलले. स्वामींनी सांगितलेलं नको, अव्वाचा हात नको, मी दोन महिने झिजून केलेलं नको, मग हवं काय? खुर्चीत उपाशी बसून मरायचंय का? दर आठवड्याला बस धरून येते ती कुणासाठी? मला तुम्ही हवे आहात हो अप्पा, तुमची पूजा घेऊन मी काय करू? एवढं बोलून मी रडायला लागले. दादा भिंतीकडे बघत उभा राहिला.

अप्पा शांतपणे म्हणाले, "म्या कुठं मरून राहिलो? म्या हात उचलून राहिलो. तूच उचलू दिना."

मी डोळे पुसत त्यांच्याकडे बघितलं. फिजिओथेरपीवाल्या बाई महिन्याभरापूर्वी म्हणाल्या होत्या की खांद्यात, कोपरात थोडी ताकद परत येतेय, त्याला काम द्या. मी ते ऐकलं होतं आणि विसरले होते. अप्पा जेव्हा जेव्हा हात उचलायला बघत होते तेव्हा बाहेरच्या लूपला वाटायचं, जागा चुकली, आणि तो मोटरला सांगायचा, दाबून परत आण. महागडं मशीन लावून मी त्यांचा हात रोज सकाळी त्यांच्याच विरुद्ध दाबत होते. मालकाच्या खुर्चीत मी बसले होते आणि मालक बाहेर उभा होता.

लॅपटॉप ओढला. बाहेरचा लूप बंद केला. मधलाही बंद केला. फक्त आतला ठेवला आणि त्याला एकच काम दिलं, हाताचं वजन तेवढं तोलायचं, कुठं जायचं ते विचारायचं नाही. अव्वाला म्हटलं, लिंग निसटलंच तर म्हणून त्यांच्या मांडीवर धोतर दुमडून ठेव.

"घ्या," मी म्हणाले. माझा आवाज अजून चिडकाच होता.

हात आधी खाली गेला. अप्पांनी दात आवळले. हात हळूहळू वर आला, छातीच्या अलीकडं थांबला, डावीकडं कलला, पुन्हा आला. तोही थरथरत होता, पण ती थरथर मोटरची नव्हती, मोठी, संथ, श्वासाबरोबरची होती. त्यांनी लिंग घेतलं. पाणी घातलं तेव्हा हात झुकला आणि अव्वाचा हात आपसूक पुढं गेला. मी तिचं मनगट धरलं. माझा दुसरा हात लॅपटॉपकडे निघाला होता, कसला तरी एक आकडा वाढवायला, तर दादानं लॅपटॉपच मिटला. आम्ही तिघं एकमेकांना धरून उभे राहिलो आणि अप्पांचा हात खाली जाऊन आपला आपण वर आला.

पूजेला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. कपाळावर घाम आला होता. संपल्यावर त्यांनी लिंग गळ्यात घातलं, हात पन्हळीत टेकवला आणि म्हणाले, "मल्लम्मा, भाकर वाढ. लई भूक लागली."

जाण्याआधी मी एक काम केलं. मोटरनं किती वजन उचलायचं ते कमीजास्त करायला एक फिरवायचं बटण लावलं, म्हणजे दादाला लॅपटॉप उघडायला नको. ते मुद्दाम खुर्चीच्या डाव्या हाताच्या बाहेर, खालच्या बाजूला बसवलं. अप्पांचा उजवा हात तिथं पोचणार नाही याची खात्री करून घेतली. मला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असं तिघांना बजावलं आणि बस धरली.

जूनमध्ये कॉलेजात ॲडमिशनची गर्दी सुरू असताना दादाचा फोन आला.

"तू काही बदललंस का?" मी विचारलं.

"न्हाई."

"दादा."

"म्या न्हाई बदललं, शपथ. पन त्ये बटन कमी झालंय. जवळपास निम्म्यावर आलंय."

माझं डोकं सणकलं. "अव्वानं फिरवलं असेल. पुसताना."

"अव्वा हात लावती व्हय त्याला? अप्पांनी फिरवलंय. लई उचलतंय म्हनले, मला काम राहीना."

"काहीतरीच सांगू नकोस. उजवा हात तिथं पोचत नाही. मी बघून लावलंय ते."

 मागून अव्वाचा भाकरी थापायचा आवाज येत होता.

"उजवा कोन म्हनून राहिलंय, सुकन्या?"